पन्नास बाय सत्तर

अप्पा बळवंत चौकाच्या अलीकडे
दापोडकरांच्या स्टुडिओत
मी स्टुलावर बसते, कान दिसतील असे केस मागे घेऊन.
"पन्नास बाय सत्तर?" ते फूटपट्टी शोधतात.
"ही कुठल्या देशाची साइज?
आपल्याकडे एवढा फोटो
गेलेल्या माणसाचा करून नेतात, पाकिटात ठेवायला."
मग जीभ चावतात.
"हसू नका हं."
मी हसत नव्हते.

नऊ आठवड्यांपूर्वी विनिपेगला
काचेपलीकडच्या बाईनं कागद पाहिला, सही घेतली,
म्हणाली, आजपासून तुम्ही इथल्या कायमच्या रहिवासी.
कार्ड पोस्टानं येईल.
बाहेर उणे एकोणीस.
मी कायमची झाले आणि नाकातलं पाणी गोठलं,
त्या दिवसाचं एवढंच आठवतं.

मग आई पडली. खुबा.
गुरलीन म्हणाली, कार्ड आल्याशिवाय जाऊ नकोस,
बाहेर पडताना कुणी अडवत नाही,
आत येताना विचारतात.
(लग्नात मावशीनंही हेच सांगितलं होतं,
वेगळ्या दाराबद्दल.)
मी बॅग भरत होते. लोकरीचे मोजे काढून ठेवले,
परत घातले.

आता आई वॉकर घेऊन ओट्यापर्यंत जाते.
तिच्यामागे मी
आणि माझ्यामागे सगळं सहकारनगर:
कधी आलीस? किती दिवस?
पुण्यात दुसरा प्रश्न पहिल्याच्या अस्तरातच शिवलेला असतो.
"बघू," म्हणते.
"म्हणजे परतीचं तिकीट नाही?" करमळकर काका लिफ्टचं दार धरून.
"तिकीट आहे हो."
"मग?"
लिफ्ट ओरडायला लागते, कृपया दरवाजा बंद करा,
आणि मी सुटते.

रोज रात्री साडेअकराला, तिथे भर दुपारी,
गुरलीन पत्रपेटीचा फोटो पाठवते.
पिझ्झ्याची कूपनं.
दाताच्या डॉक्टरची जाहिरात.
आमच्याआधी त्या घरात राहून गेलेल्या
कुणा ओलेक्सांडरच्या नावाचं पाकीट, दर महिन्याला एक.
माणूस कधीच गेला.
टपाल तिथलं रहिवासी झालंय.

तर आता दुसरा कागद मागवायचा,
एकदाच आत सोडणारा.
त्यासाठी अर्ज, अर्जासाठी फोटो,
फोटोच्या पाठीवर तारीख आणि काढणाऱ्याचा पत्ता, असा नियम.
दापोडकर सावकाश लिहितात, पेनाला फुंकर घालत.
माझ्या चेहऱ्याच्या मागे:
बुधवार पेठ, पुणे २.
शाई वाळेपर्यंत पालथा घालू नका, म्हणतात.

अर्जात एक रकाना आहे, कायमचा पत्ता.
तो मी शेवटी भरायचा ठेवलाय.

काल विम्याची फाइल शोधताना
आईच्या कपाटात रेशनकार्ड सापडलं.
माझ्या नावावर लाल रेघ, पट्टी ठेवून मारलेली,
शेजारी बारीक अक्षरात: नाव कमी केले.
"तूच म्हणालीस ना, सगळं नीट करून टाक,"
आई गुडघ्यावरची चादर सारखी करत म्हणाली.
"दोनदा खेपा घातल्या मी. एकदा तर त्यांची जेवणाची सुट्टी.
तासभर बाकावर बसले, तुझं नाव कमी करायला."
रेघेखालचं हेमांगी
अजून स्पष्ट वाचता येतं.
मी कार्ड होतं तिथे, साड्यांच्या घडीखाली ठेवलं.
आईनं विचारलं, विम्याचं मिळालं का?
नाही मिळालं.

पहाटे दाराच्या कडीला पिशवी अडकवताना
चोरघ्यांचा मुलगा विचारतो,
"ताई, एक वाढवू का?"
वाढव.
किती दिवस, ते तो विचारत नाही.
कानामागची पेन्सिल काढून
दारामागच्या कॅलेंडरवर आजच्या चौकोनात
दोनाचा आकडा टाकतो.
उद्याचा चौकोन
उद्यासाठी ठेवतो, आणि दोन-दोन पायऱ्या गाळत
खाली जातो.